२६ जानेवारीच्या तीन पैजा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या सामन्यांवरच्या पैजा कशा निवडता, असं इथल्या मराठी घरांतली विशीतली मुलं मला विचारतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आज कोण जिंकणार? मी सुरुवात दुसरीकडून करतो. आज भाव काय आहे, आणि त्या भावात घेण्यासारखं काही आहे का? बहुतेक सामन्यांत नसतं. पैजा निवडायच्या म्हणजे मुख्यतः सोडायच्या, हे आकडेमोडीने मला आधीच सांगितलं होतं. २६ जानेवारी २०२४ च्या रात्रीने ते पक्कं केलं, म्हणून तीच रात्र सांगतो.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे हा व्यवहार उघड आणि कायदेशीर आहे. १९९२ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे नेव्हाडा वगळता अमेरिकेत जवळपास सगळीकडे खेळांवरच्या पैजांना मनाई होती. न्यू जर्सी राज्य त्याविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टात भांडलं. १४ मे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि १४ जूनला मॉनमथ पार्कच्या रेसकोर्सवर राज्यपाल फिल मर्फी यांनी पहिली पैज लावली. वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत, आणि फोन राज्याच्या हद्दीत आहे ना, हे ॲप स्वतः तपासतं. भारतातल्या वाचकांनी यातलं काही करून बघू नये. तिथे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, आणि आडमार्गाने पैसे लावणाऱ्याला दाद मागायला जागा राहत नाही.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. मटका त्यांनी कधी लावला नाही, पण ओपन आणि क्लोज हे शब्द चाळीत लहान पोरांनाही माहीत होते. मुंबईचा तो आकडा मूळचा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा. तिथले बाजार उघडतानाचे आणि बंद होतानाचे दर मुंबईत यायचे आणि लोक त्यांवर पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते बंद पडलं, मग मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीपुढे विचाराला जागा नसते. बास्केटबॉलमध्ये थोडी असते, आणि मला त्या थोड्या जागेतच रस आहे.

ती किती थोडी आहे हे आधी समजून घ्यायला हवं. सर्वांत साधी पैज फरकाची, म्हणजे स्प्रेडची. बलाढ्य संघाला बुक, म्हणजे पैजा घेणारी कंपनी, काही गुण वजा देतं आणि कमजोर संघाला तेवढे अधिक, जेणेकरून दोन्ही बाजू जवळपास सारख्या व्हाव्यात. दुसरी पैज एकूण गुणांची: दोन्ही संघांचे मिळून अमुक आकड्याच्या वर, म्हणजे ओव्हर, की खाली, म्हणजे अंडर. दोन्हींचा नेहमीचा भाव उणे ११०. १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० लावायचे. या भावात नुसतं बरोबरीत राहायचं तर शंभरात ५२.४ वेळा बरोबर यावं लागतं. नाणं उडवून पैजा लावणारा माणूस लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे साडेचार डॉलर बुकला देत राहतो.

चार पैजा एकत्र बांधल्या की त्याला पार्ले म्हणतात, आणि ॲपवर सर्वांत ठळक जाहिरात तिचीच असते. चार समसमान पैजा एकदम बरोबर येण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे रास्त मोबदला सोळा पट. उणे ११० च्या भावाने मिळतात १३.२८ पट. बुकचा वाटा साडेचार टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर गेला. मी पार्ले लावत नाही, आणि ज्यांना लावायची आहे त्यांना आधी हा गुणाकार कागदावर करायला लावतो. कागद बघून बरेच जण थांबतात.

पैज केवढी लावायची याचंही गणित आहे, आणि ते आमच्याच राज्यातलं आहे. बेल लॅब्समधल्या जॉन केली या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ते मांडलं. बरोबर येण्याची खरी शक्यता ५४ टक्के असेल आणि भाव उणे ११० असेल, तर त्याच्या सूत्राप्रमाणे गाठीच्या रकमेपैकी ३.४ टक्के लावावे. पण ते ५४ टक्के हा माझा अंदाज असतो आणि अंदाज फुगतो, म्हणून मी एक टक्क्यावर थांबतो. हंगामाच्या सुरुवातीला एक रक्कम बाजूला काढतो. घरखर्चाशी तिचा संबंध नसतो. ॲपमध्ये पैसे भरण्याची मर्यादा घालून ठेवता येते, ती मी घालतो.

आता त्या शुक्रवारकडे. भारतात प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती, इथे कामाचा दिवस. सकाळी चहाबरोबर मी पहिल्यांदा जायबंदी खेळाडूंची यादी वाचली. त्या हंगामात संघांना ही यादी सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत द्यावी लागायची. लागोपाठ दुसऱ्या रात्री खेळणाऱ्या संघाला त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत मुभा होती. खेळाडूच्या नावापुढे चारपैकी एक शेरा असतो: बाहेर, बहुधा नाही, अनिश्चित, बहुधा खेळेल. पाच जणांच्या या खेळात एक मोठा खेळाडू बसला की सगळा हिशोब बदलतो. क्रिकेटमध्ये अकरापैकी एक गेला तर इतकं हलत नाही.

यादी वाचताच काही सामने मी बाजूला केले. मिलवॉकी बक्सचा सामना क्लीव्हलंडशी होता. बक्सनी तीनच दिवसांपूर्वी एड्रियन ग्रिफिन या प्रशिक्षकाला काढलं होतं, तेही ३० विजय आणि १३ पराभव अशा उत्तम कामगिरीनंतर. डॉक रिव्हर्स येणार होते, तोवर हंगामी माणूस संघ चालवत होता. अशा संघाचे जुने आकडे मला काही सांगत नाहीत. सॅन अँटोनियोच्या सामन्यात व्हिक्टर वेम्बन्यामा या मोठ्या खेळाडूच्या खेळण्याच्या मिनिटांवर मर्यादा होती, तोही सोडला. ज्याची किंमत मला लावता येत नाही ती वस्तू स्वस्त आहे की महाग, हे कसं कळणार?

अटलांटातल्या सामन्यावर मात्र मी बराच वेळ बसलो. डॅलस मॅव्हरिक्स तिथे हॉक्सशी खेळायला आले होते. कायरी अर्विंगचा अंगठा दुखावलेला, त्यामुळे तो बाहेर. मोठा गुण मिळवणारा बसला की एकूण गुण कमी होणार, असं पटकन वाटतं. मी उलट बाजूने गेलो. एकूण गुण दोन गोष्टींवर ठरतात: सामन्यात दोन्ही संघांना किती वेळा चेंडू ताब्यात मिळतो, आणि प्रत्येक ताब्यामागे किती गुण होतात. एनबीएच्या सामन्यात प्रत्येक संघाला साधारण शंभर ताबे मिळतात. हॉक्स वेगाने खेळणारे, आणि त्या हंगामात त्यांचा बचाव लीगमधल्या सर्वांत कच्च्यांपैकी एक. अर्विंग नसला तर चेंडू जवळजवळ प्रत्येक वेळी लुका डॉन्चिचच्या हातात जाणार, आणि कच्च्या बचावासमोर चेंडू त्याच्या हातात राहणं हे गुण कमी होण्याचं कारण ठरू शकत नाही. पहिली पैज ठरली: ओव्हर.

दुसरा सामना इंडियानापोलिसचा. फिनिक्स सन्स सलग सात सामने जिंकून आले होते आणि पाचच दिवसांपूर्वी त्यांनी याच इंडियाना पेसर्सना फिनिक्समध्ये हरवलं होतं. पेसर्स आदल्याच रात्री फिलाडेल्फियाशी खेळले होते, सन्सना मधे एक दिवस विश्रांती मिळालेली. पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर. लागोपाठच्या दुसऱ्या रात्री पाय जड होतात, आणि ते बचावात आधी दिसतं. मला सन्स हवे होते. गुणांच्या फरकात न पडता मी फक्त सन्सच्या विजयावर लावले.

तिसऱ्या सामन्यासाठी मला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. लॉस एंजेलिस क्लिपर्स टोरंटोत होते. टोरंटो रॅप्टर्सनी महिन्याभरात ओजी अनुनोबीला न्यूयॉर्कला आणि पास्कल सियाकमला इंडियानाला देऊन टाकलं होतं, म्हणजे संघ मोडून नव्याने बांधायला घेतला होता. क्लिपर्स भरात होते. अडचण एकच: त्यांना लगेच दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये खेळायचं होतं. अशा वेळी कावाय लेनर्डसारख्या खेळाडूला दोनपैकी एका सामन्यात बसवलं जाईल ही भीती असते. पण २०१९ मध्ये ज्या शहराला त्याने विजेतेपद मिळवून दिलं तिथे तो बसणार नाही, असं माझं मन म्हणत होतं. मनाच्या म्हणण्यावर मी पैसे लावत नाही. सामन्याच्या अर्धा तास आधी सुरुवातीचे पाच खेळाडू जाहीर होतात, तोवर थांबलो. लेनर्ड होता. फरकाच्या पैजेत, गुण देऊन, क्लिपर्स घेतले.

एकाच पैजेचा भाव वेगवेगळ्या ॲपवर थोडा वेगळा असतो, म्हणून प्रत्येक वेळी दोन-तीन ठिकाणी बघतो. अर्ध्या गुणाचा फरकही वर्षभरात पुरेसा पैसा देतो किंवा घेतो. आई भाजी घेताना अख्खा बाजार फिरून मग पहिल्या टोपलीपाशी परत यायची, तसंच हे काम आहे.

तीन पैजा लावून झाल्यावर एकेका खेळाडूवरच्या पैजांची लांबलचक यादी समोर येते. त्यांना प्रॉप म्हणतात: अमुक जण इतके गुण करेल का, इतके रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) घेईल का, इतके असिस्ट (ज्यावर साथीदार गुण करतो असे पास) देईल का. टोरंटोच्या सामन्यात जॉन्टे पोर्टर या राखीव सेंटरचंही नाव होतं. संघाचा मुख्य सेंटर याकोब पोएल्टल जायबंदी असल्याने पोर्टरला बऱ्यापैकी मिनिटं मिळत होती. त्याच्या नावापुढे साडेपाचच्या आसपास गुण, साडेचार रिबाउंड, दीड असिस्ट आणि अर्धा तीन-गुणी फटका, अशा रेषा होत्या. अर्धा फटका म्हणजे एक मारला तर ओव्हर, एकही नाही तर अंडर.

राखीव खेळाडूंच्या प्रॉपला मी हात लावत नाही. ते किती खेळतात हे प्रशिक्षकाच्या मनावर असतं आणि तो आकडा बाहेरून काढता येत नाही. संघाच्या पैजेत पंधरा माणसांचा खेळ एकत्र येतो आणि एकाचा चांगला-वाईट दिवस दुसऱ्याने भरून निघतो. राखीव खेळाडूच्या अंडरमध्ये सगळं एकाच माणसावर टांगलेलं असतं, आणि त्याला काहीही न करताच ती पैज जिंकून देता येते.

सामने सुरू झाले तेव्हा ठाण्याला शनिवारची पहाट होती. माझा मामेभाऊ तिथे उठून बसला होता. तो तरुणपणी नागपाड्याच्या बच्चूखान मैदानावर खेळला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे सराव सामने वरळीच्या डोममध्ये झाले, सॅक्रॅमेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, तेव्हा तो दोन्ही दिवस तिथे होता. तेव्हापासून पेसर्स त्याचे. तो पैसे लावत नाही, पण त्याचा खेळ माझ्यापेक्षा जास्त पाहिलेला आहे.

“कुणावर लावलेस रे?” त्याने फोनवर विचारलं.

“सन्सवर, दादा. पेसर्स दमलेले आहेत.”

“दमलेले नाहीत. आता त्यांच्याकडे सियाकम आहे. तू तक्ता बघतोस, मी त्यांचे पाय बघतोय.”

“मग तूच सांग, डॉन्चिच आज किती करेल?”

“त्याला कोण अडवणार तिथे? बघत राहा.”

मध्यंतरापर्यंत डॉन्चिचचे ४१ झाले होते. मग मी बाकीचे सामने बाजूला ठेवून तोच बघत बसलो. २०१८ मध्ये हॉक्सनीच त्याला निवडलं होतं आणि त्याच दिवशी ट्रे यंगच्या बदल्यात डॅलसला दिलं होतं, आणि तोच आता त्यांच्याच मैदानावर थांबायला तयार नव्हता. शेवटी ७३ गुण: ३३ पैकी २५ फटके, त्यातले आठ तीन-गुणी, आणि सोळापैकी पंधरा फ्री थ्रो. एनबीएच्या इतिहासात त्या रात्रीपर्यंत एका सामन्यात याहून जास्त गुण फक्त विल्ट चेंबरलेन आणि कोबी ब्रायंट यांनी केले होते. आणि हे कोबीच्या मृत्यूच्या चौथ्या स्मृतिदिनी. त्याच आठवड्यात सोमवारी जोएल एम्बीडने ७० आणि कार्ल-अँथनी टाउन्सने ६२ केले होते. पैसे लावलेले असोत वा नसोत, असा खेळ डोळ्यांसमोर होताना पाहायला मिळणं हे माझ्या लेखी मोठं भाग्य आहे.

डॅलस १४८, अटलांटा १४३. एकूण २९१, तेही जादा वेळेशिवाय. ओव्हर केव्हाच झाला होता.

इंडियानापोलिसमध्ये डेव्हिन बुकरनेही त्याच रात्री ६२ केले आणि सन्स तरीही १३३-१३१ असे हरले. दादाचा संदेश आला: “पाय.” टोरंटोत क्लिपर्स १२७-१०७ असे सहज जिंकले. दोन जिंकल्या, एक हरली.

झोपण्यापूर्वी मी वही लिहितो. लावलेला भाव, सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव, लावण्याचं कारण, आणि ते कारण खेळात दिसलं का. निकालाचा रकाना सर्वांत शेवटी आहे. डॉन्चिचने त्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा चाळीसेक गुण जास्त केले, आणि तेवढा भाग माझ्या हुशारीचा नव्हता. पण ते चाळीस काढले तरी अडीचशे उरतात, आणि वेग व कच्चा बचाव हे माझं कारण त्या अडीचशेत स्पष्ट दिसत होतं. सन्सपुढे मी लिहिलं: कारण टिकलं, याच भावात पुन्हा लावीन. स्प्रेडच्या रेषेपासून खरा निकाल बारा-बारा गुणांनी सहज इकडेतिकडे होतो. दोन गुणांच्या पराभवावरून एखादी पद्धत टाकून देणारा माणूस दर आठवड्याला पद्धत बदलत राहील. दादाच्या “पाय” या शब्दालाही वहीत जागा दिली, कारण दुसऱ्या रात्रीच्या थकव्याला मी देतो तेवढं वजन तरुण संघांच्या बाबतीत द्यावं का, हा प्रश्न विचारण्याजोगा होता.

टोरंटोच्या सामन्यात पोर्टर चारेक मिनिटं खेळून बाहेर गेला होता. डोळ्याची दुखापत पुन्हा उफाळली असं कारण सांगण्यात आलं. शून्य गुण, तीन रिबाउंड, एक असिस्ट. तीन-गुणी फटका त्याने मारायचा प्रयत्नही केला नव्हता. दुखापती होतच असतात, त्या रात्री मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मार्चच्या शेवटी बातमी फुटली. २६ जानेवारीच्या रात्री खेळाडूंवरच्या सगळ्या प्रॉपमध्ये एका मोठ्या बुकवर लोकांना सर्वाधिक पैसा मिळवून देणारी पैज कुठली होती? पोर्टरच्या तीन-गुणी फटक्यांचा अंडर. ७३ आणि ६२ ज्या रात्री झाले त्या रात्री, पोर्टर काहीच करणार नाही यावर! २० मार्चला सॅक्रॅमेंटोविरुद्ध तो पुन्हा काही मिनिटांत आजारी म्हणून बाहेर गेला होता, आणि त्या वेळी कुणीतरी ८० हजार डॉलरची पार्ले लावली होती, जिच्यातून ११ लाख डॉलर मिळाले असते. बुकने ती गोठवली. १७ एप्रिल २०२४ ला एनबीएने पोर्टरवर आजन्म बंदी घातली. जुलैमध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला: जुगाराच्या कर्जातून सुटण्यासाठी तो ठरवून सामन्यांतून बाहेर पडला होता.

मी हे वाचलं तेव्हा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी त्या पैजेत नव्हतो, माझा एक डॉलरही गेला नाही. पण त्याच सामन्यावर मी सकाळपासून विचार केला होता, लेनर्डचं नाव यादीत येईपर्यंत थांबलो होतो, आणि त्याच मैदानावर एक माणूस चार मिनिटं घड्याळ बघत खेळत होता. क्लिपर्सच्या वीस गुणांच्या विजयाला त्याने काही फरक पडला नसेल. तरी वहीतली ती नोंद मला आता विश्वासाने वाचता येत नाही. डॉन्चिचच्या ७३ शेजारी हे नाव लिहावं लागतं याचं वाईट वाटतं. पोर्टर तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि तो ज्या कर्जात बुडाला तेच कर्ज इथल्या विशीतल्या मुलांना फोनवर हात पुढे करून बोलावतं. ओळखीतलं कुणी तसं अडकलं असेल तर न्यू जर्सीत १-८००-गॅम्बलर या क्रमांकावर फोन करता येतो. मी एका मुलाला शेजारी बसवून तो करायला लावला आहे.

२०२४-२५ चा हंगाम सुरू होताना एनबीएच्या सांगण्यावरून मोठ्या बुकांनी टू-वे करारावरच्या (म्हणजे मुख्य संघ आणि खालच्या लीगमधला संघ अशा दोन्हींकडे खेळणाऱ्या) आणि दहा दिवसांच्या करारावरच्या खेळाडूंच्या अंडरवर पैजा घेणं बंद केलं. पोर्टर टू-वे करारावर होता. हे पाऊल योग्य आहे, आणि अपुरं आहे. करार कुठला हा मुद्दा नाही. मैदानातून स्वतः बाहेर पडून जी पैज जिंकता येते ती विकायलाच ठेवू नये, मग खेळाडू लाखाचा असो की कोटीचा. सगळ्या राखीव खेळाडूंचे अंडर बंद करा, आणि सुरुवातीच्या पाच जणांच्या अंडरवर लावायच्या रकमेला कडक मर्यादा घाला, असं मी राज्याच्या जुगार नियंत्रण विभागाला लिहून कळवलं आहे. इथल्या आणखी काही जणांनी त्या पत्रावर सह्या केल्या आहेत. ज्यांना करायची असेल त्यांनी मला सांगावं.